राजा, सायरन आणि घराची राखण

रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. दुबईतील अल क्वोज भागात आमच्या भाच्याच्या घरी आमची ती पहिलीच रात्र होती. एकाएकी खालच्या हॉलमधला सायरन कर्कश ओरडू लागला. आम्ही अंधारात धडपडत उठलो. भाचा बनियनवरच धावला. त्याच्यामागे सूनबाई आणि तिच्या कमरेला बिलगलेली नऊ वर्षांची नात. दिवा लावून पाहतो तो चोर नाही की चिलट नाही. जिन्याच्या चौथ्या पायरीवर घरचा कुत्रा राजा शेपूट पायांत घालून थरथरत उभा होता.

भाच्याने भिंतीवरच्या पेटीवर आकडे दाबून सायरन बंद केला. तोवर शेजारच्या घरातला दिवा लागला होता. कोणीतरी खिडकी उघडून दोन शब्द बोलले आणि खिडकी आपटून बंद केली.

“मामा, आठवड्यातली ही तिसरी वेळ,” भाचा म्हणाला. “आता एकच उरेल. एक तर हा कुत्रा, नाही तर हा अलार्म.”

नात काही बोलली नाही. पायरीवर बसून तिने राजाच्या गळ्यात हात टाकले. उरलेली रात्र कोणालाच झोप लागली नाही.

वाचकहो, घरात मुके जनावर आहे आणि भिंतीवर हालचाल टिपणारा ‘मोशन सेन्सर’ही आहे, अशी घरे आज आपल्या बेटावरही पुष्कळ झाली आहेत. म्हणून अल क्वोजच्या त्या घरात आम्ही जे पाहिले आणि शिकलो ते सांगावे असे वाटले.

अल क्वोजचे घर

दुसऱ्या सत्राच्या सुट्टीत आम्ही थोरल्या बहिणीच्या या मुलाकडे गेलो होतो. विमानाने साडेसहा तासांचा प्रवास. गंमत अशी की घड्याळाचा काटा फिरवावा लागत नाही. पोर्ट लुईला जे वाजलेले असतात तेच दुबईला. बदलते ती हवा. वाकवाहून स्वेटर घालून निघालेला माणूस तिकडे विमानतळाबाहेर पाऊल टाकतो तेव्हा कोणी भट्टीचे दार उघडले की काय असे वाटते. उन्हाळ्यात दुपारचा पारा आठवडेच्या आठवडे चाळीस अंशांच्या आसपास किंवा वर राहतो.

अल क्वोज हा शेख झायेद रोड आणि अल खैल रोड यांच्यामधला विस्तीर्ण भाग. त्याचा मोठा हिस्सा गोदामांचा, गॅरेजांचा, सुतारकामाच्या व लोखंडकामाच्या कारखान्यांचा आणि कामगारांच्या वसाहतींचा आहे. गेल्या काही वर्षांत ‘अल सरकाल अव्हेन्यू’ नावाच्या आवारातील गोदामांत चित्रकलेची दालनेही उघडली आहेत. दुसऱ्या अंगाला राहत्या घरांची वस्ती आहे. अशाच एका जुन्या दुमजली घरात भाचा भाड्याने राहतो आणि जवळच्या एका गोदामात हिशेबाचे काम पाहतो.

राजा हे वाळवंटाच्या कडेला सापडलेले पिल्लू. लांब पाय, आखूड केस, वजन बावीस किलो. सोबतीला सोनी नावाची मांजर. अलार्म घरमालकानेच पूर्वी बसवलेला. त्याच्या खोक्यावर ‘पंचवीस किलोपर्यंतच्या पाळीव प्राण्यांना चालेल’ असे छापलेले होते. भाच्याने ते वाचले, राजाचे वजन आठवले आणि तो निर्धास्त झाला. तरीही रात्री सायरन वाजतच राहिला.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळले की गोष्ट बरीच पुढे गेली होती. शहराबाहेर कोणाचे तरी शेत होते. तेथे राजाला पाठवण्याचे बोलणे झाले होते. सूनबाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, “मामा, हे दिवसभर कामावर. मी पोरीला आणायला शाळेत जाते तेव्हा घर रिकामे असते. मला अलार्म हवाच आहे. पण त्यासाठी राजाला घालवायचे, हे पोरीला कसे सांगू?”

आम्ही म्हणालो, “चोर सोडून संन्याशाला फाशी नको. आधी हे यंत्र राजाला चोर का समजते ते पाहू.”

हा डोळा नव्हे, ही कातडी

अलार्म दुरुस्त करणाऱ्या कंपनीने जो कारागीर पाठवला तो रत्नागिरीकडचा निघाला. आम्ही मराठीत बोललो तसा तो चकित झाला. आमचे पणजोबाही कोकणातूनच गिरमिटात गेले, हे सांगितल्यावर त्याने शिडी बाजूला ठेवली आणि आधी पाणी मागितले. आम्ही मास्तर आहोत हे कळताच तो ‘गुरुजी’ म्हणू लागला, आणि पुढचा तासभर मात्र गुरुजी तोच झाला.

“गुरुजी, लोक याला डोळा म्हणतात,” भिंतीवरच्या पांढऱ्या डबीकडे बोट दाखवून तो म्हणाला, “पण हा डोळा नाही, ही कातडी आहे. याला माणूस दिसत नाही. याला ऊब लागते.”

शास्त्र असे आहे. प्रत्येक उबदार वस्तूतून न दिसणारी उष्णतेची किरणे निघतात. माणसाच्या अंगातून निघणाऱ्या या किरणांचा जोर नऊ ते दहा मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वांत अधिक असतो. डबीच्या आत एक लहानसा तुकडा असतो. त्यावर पडणारी उष्णता बदलली की त्यात किंचित वीज उत्पन्न होते. असे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सारी खोलीच हळूहळू तापली किंवा निवली तर दोघांवर परिणाम सारखाच होतो आणि वजाबाकी होऊन काहीच उरत नाही. परंतु एखादा उबदार देह एकाच्या समोरून दुसऱ्याच्या समोर गेला तर हिशेब जुळत नाही, आणि यंत्र समजते की कोणीतरी चालले आहे.

डबीच्या तोंडावर जे खाचाखाचांचे दुधी प्लास्टिक दिसते ते भिंग आहे. ओग्युस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने दीपगृहांसाठी अशा कड्याकड्यांच्या भिंगाची योजना केली आणि १८२३ साली फ्रान्सच्या कोर्दुआँ दीपगृहात ते पेटलेल्या दिव्यापुढे बसले. आपल्या बेटावर आल्बियोंला १९१० साली बांधलेले दीपगृह मुलांना दाखवताना आम्ही फ्रेनेलचे नाव नेहमी सांगतो; ते दुबईत एका बोटभर डबीवर भेटेल असे वाटले नव्हते. दीपगृहाचे भिंग प्रकाश बाहेर फेकते, हे भिंग उष्णता आत गोळा करते. ते खोलीचे पंख्याच्या पात्यांसारखे अदृश्य पट्टे पाडते. माणूस पट्टे ओलांडत आडवा चालला की यंत्राला लगेच कळते. सरळ यंत्राच्या दिशेने चालत आला तर उशिरा कळते. डबी कोठे लावावी याचे अर्धे उत्तर यातच आहे. चोर ज्या वाटेने येईल ती वाट तिच्यासमोरून आडवी गेली पाहिजे.

पंचवीस किलोचा अर्थ

“मग राजा बावीस किलोचा असून वाजते कसे?” भाच्याने विचारले.

कारागीर हसला. “साहेब, ही डबी काय त्याला काट्यावर घालते?”

खोक्यावर छापलेले वजन हा केवळ अंदाज असतो. कोणी पंधरा किलो लिहितो, कोणी पंचवीस, कोणी त्याहून पुष्कळ अधिक. यंत्र पाहते ते वजन नव्हे, तर उबेचा आकार आणि उंची. प्राण्यांसाठीच्या डबीत भिंगाची रचना अशी करतात की जमिनीलगतचा भाग मोकळा सुटावा, किंवा खालचा व वरचा असे दोन पट्टे एकदम ओलांडल्याशिवाय इशारा होऊ नये. उभा माणूस दोन्ही पट्ट्यांत येतो, जमिनीवरचा कुत्रा एकाच पट्ट्यात येतो. ही युक्ती जमिनीवर ठीक चालते. पण कुत्रा सोफ्यावर चढला, मांजर कपाटावर उडी मारून बसली, दोन कुत्री अंगाला अंग लावून धावली की यंत्राच्या लेखी तो माणूसच. केसांचाही संबंध असतो. दाट केसांच्या कुत्र्याची ऊब केसांखाली झाकली जाते. राजासारख्या आखूड केसांच्या कुत्र्याची ऊब उघडी पडते.

कारागिराने फुटपट्टी लावली. अशी डबी साधारणपणे दोन ते सव्वादोन मीटर उंचीवर लावतात, आणि बनवणाऱ्याने सांगितलेली उंची पाळली तरच तो खालचा मोकळा भाग जागेवर पडतो. भाच्याच्या घरी ती पावणेदोन मीटरवर होती, थोडी खाली कललेली, आणि नेमकी जिन्याकडे तोंड करून. राजा रात्री हॉलभर हिंडत असे तोवर ठीक. पण तो जिना चढू लागला की एकेका पायरीने वरच्या पट्ट्यात शिरत असे. चौथ्या पायरीवर तो माणूस होई.

“पण रात्री तो जिना चढतो कशाला?” सूनबाईंनी विचारले.

आतापर्यंत गप्प असलेली नात म्हणाली, “माझ्या दाराशी झोपायला.”

आम्ही सारेच काही क्षण गप्प झालो. आठवडाभर ज्या गुन्ह्यासाठी राजाला घालवण्याचे चालले होते, तो गुन्हा एवढाच होता.

रात्री कांगावा, दुपारी झोप

एवढ्यावर आम्ही काम संपले असे समजलो असतो. पण कारागिराने आणखी एक प्रश्न विचारला, “दुपारी बाहेर जाता तेव्हा खालचा एसी चालू ठेवता का?”

सूनबाई म्हणाल्या, “नाही. राजाला आणि सोनीला वरच्या खोलीत एसीत ठेवते. खालचा बंद. बिल किती येते!”

“मग आता बंद करा,” तो म्हणाला, “आणि दोन वाजता बघू.”

दुपारी दोन वाजता त्याने अलार्म चाचणीवर ठेवला. या स्थितीत सायरन वाजत नाही. हालचाल कळली की डबीवरचा लहान लाल दिवा तेवढा लागतो. खालच्या हॉलमधला तापमापक छत्तीस अंश दाखवत होता. आम्ही मागच्या दारातून आत आलो आणि नेहमीच्या चालीने हॉल ओलांडू लागलो. दिवा लागला नाही. हॉलच्या मध्यावर आलो. दिवा लागला नाही. पार डबीजवळ जाऊन हात हलवला तेव्हा तो एकदा मिणमिणला.

कारण सोपे आहे. माणसाच्या उघड्या कातडीचे तापमान चौतीस-पस्तीस अंशांच्या आसपास असते. खोलीतली भिंतही तेवढीच तापली तर माणसाची ऊब आणि भिंतीची ऊब यांत फरक उरत नाही. डबीला फरकच कळतो. फरक नाही तर माणूस नाही. चांगल्या डब्यांत उष्मा वाढला की कान अधिक टवकारण्याची सोय असते, पण त्यालाही मर्यादा आहे. बनवणाऱ्याच्या कागदावर किती तापमानापर्यंत यंत्र चालेल ते लिहिलेले असते. पण यंत्र चालणे वेगळे आणि माणूस ओळखणे वेगळे. अल क्वोजच्या पत्र्याच्या गोदामांत ही अडचण रोजचीच, असे कारागीर म्हणाला. म्हणून तेथे एकट्या उष्णतेच्या डबीवर कोणी शहाणा माणूस भरवसा ठेवत नाही.

आमच्या अंगावर काटा आला. म्हणजे हे यंत्र थंड रात्री घरच्या कुत्र्यावर ओरडत होते, आणि भर दुपारी, घर रिकामे असताना, मागच्या दाराने आलेल्या माणसापुढे झोपून राहत होते. राजाला शेतावर पाठवले असते तर रात्री शांतता झाली असती आणि सर्वांना वाटले असते की अलार्म आता नीट झाला. तो नीट झाला नसता. तो फक्त गप्प झाला असता.

पहारा दारावर

मग घराची राखण करायची कशी? कारागिराचे उत्तर एका वाक्यात होते. “गुरुजी, जिथे कुत्रा फिरतो तिथे पहारा ठेवू नका, जिथून चोर शिरतो तिथे ठेवा.”

दारे-खिडक्यांवर चुंबकाचे जोड लावावेत. दाराच्या फळीवर चुंबक आणि चौकटीवर काचेच्या नळीतली एक बारीक कळ असते. दार मिटलेले असेल तोवर चुंबकाच्या ओढीने कळ जुळलेली राहते. दार उघडले की सुटते आणि सायरन वाजतो. काचनळीतली ही कळ अमेरिकेत बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉल्टर एलवूड यांनी १९३६ साली शोधली. दारावर विजेची कळ लावण्याची कल्पना त्याहूनही जुनी. बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांना चोर कळवणाऱ्या विजेच्या घंटेचे पेटंट १८५३ साली मिळाले होते. या जोडाला उष्मा बाधत नाही, कुत्रा बाधत नाही, मांजर बाधत नाही. किंमतही इतर यंत्रांपेक्षा कमी.

मोठ्या काचेच्या दारासाठी ‘पडदा’ डबी मिळते. तिचे भिंग खोलीभर पट्टे न पाडता दारालगत एकच अरुंद पडदा सोडते. कुत्रा हॉलमध्ये लोळत असला तरी तिला कळत नाही. काचेतून कोणी आत पाय टाकला की कळते. पण तीही उबेवरच चालते, म्हणून तापलेल्या घरात तिच्याबरोबर चुंबकाचा जोडही हवाच.

दुहेरी डबीबद्दलही पुष्कळांच्या मनात गैरसमज आहे. तिच्यात उष्णतेच्या तुकड्याबरोबर सूक्ष्मलहरींचे यंत्र असते. लहरी फेकायच्या आणि परत येताना त्यांची कंपने बदलली का ते पाहायचे, हे क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ साली मांडलेले तत्त्व. दोन्ही साक्षीदारांनी ‘होय’ म्हटले तरच सायरन वाजतो. त्यामुळे पडदा हलला, एसीचा झोत आला, एवढ्याने कांगावा होत नाही. परंतु घरचा कुत्रा उबदारही असतो आणि हलतोही. त्याच्या बाबतीत दोन्ही साक्षीदार खरेच बोलतात! शिवाय सूक्ष्मलहरी काचेतून व पातळ भिंतीतून पलीकडे जातात. तेव्हा दुहेरी डबी म्हणजे प्राण्यांवरचा रामबाण उपाय असे समजू नये.

त्या घरात शेवटी असे ठरले. पुढच्या व मागच्या दाराला आणि खालच्या चार खिडक्यांना चुंबकाचे जोड. अंगणाच्या काचेच्या दाराला जोडाबरोबर पडदा डबी. जुनी डबी जिन्यावरून काढून मागच्या बोळात, योग्य उंचीवर, एसीच्या झोतापासून दूर. दिवसा बाहेर जाताना राजा व सोनी वरच्या थंड खोलीत, दार लावून. तेव्हा सारे पहारे चालू, आणि खालचा एसी अगदी बंद न करता सव्वीस-सत्तावीस अंशांवर. रात्री मात्र अलार्मची ‘घरी आहोत’ ही स्थिती ठेवायची. तीत दारे-खिडक्या जाग्या राहतात आणि आतली डबी झोपते. ही कळ त्या पेटीवर पहिल्यापासून होती. ती कशासाठी आहे हे कोणी भाच्याला सांगितले नव्हते आणि त्याने विचारले नव्हते.

संध्याकाळी आम्ही चाचणी घेतली. नातीने राजाला हॉलमध्ये धावडवले, सोफ्यावर चढवले, जिन्यावरून वर-खाली पळवले. लाल दिवा लागला नाही. मग तिने स्वतः मागचे दार उघडले, आणि सायरन असा वाजला की सोनी कपाटामागे गेली ती जेवणाच्या वेळीच बाहेर आली.

खोट्या हाकेची किंमत

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. अलार्मची कथा तीच आहे. अमेरिकेच्या न्याय खात्याने या शतकाच्या आरंभी पोलिसांसाठी काढलेल्या एका मार्गदर्शिकेत म्हटले आहे की पोलिसांना मिळणाऱ्या अलार्मच्या हाकांपैकी शंभरात ९४ ते ९८ खोट्या असतात. ब्रिटनमध्ये पोलिसांशी जोडलेल्या अलार्मने बारा महिन्यांत तीन खोट्या हाका मारल्या की त्या घराला पोलिसांची तातडीची धाव मिळणे बंद होते. म्हणजे घरच्या कुत्र्याने तीनदा जिना चढावा, आणि चौथ्यांदा खरा चोर यावा तेव्हा कोणी येऊ नये!

दुबईत अशी उपकरणे बसवणाऱ्या कंपन्यांवर ‘सिरा’ ही सरकारी संस्था देखरेख ठेवते. २०१६ च्या कायदा क्रमांक १२ नुसार कंपनीला तिचा परवाना लागतो. तेथील पोलिसांची आणखी एक सोय आम्हांला आवडली. सुट्टीवर परगावी जाणाऱ्या स्वतंत्र घरांतील कुटुंबाने आधी नोंद केली तर पोलिसांची गस्त त्या घरावर विनामूल्य नजर ठेवते. यंत्र कितीही चांगले असले तरी शेवटी माणसाची नजर हवीच, हे त्या श्रीमंत शहरानेही मान्य केले आहे.

आणि जनावराचे काय? तेथील २००७ चा प्राणीविषयक संघीय कायदा आणि आपल्या बेटाचा २०१३ चा प्राणी कल्याण कायदा, दोन्ही पाळणाऱ्या मालकावर जनावराची जबाबदारी टाकतात. पण कायदा दूर ठेवला तरी, ज्याला आपण घरात आणले त्याला एका डबीच्या चुकीपायी घराबाहेर काढणे हे आपल्या संस्कारांत बसत नाही.

आपल्या बेटावर

आता आपल्या घराकडे वळू. आपल्याकडे खिडक्यांना लोखंडी ‘अँटीव्होल’ असतेच; त्यावर आता अलार्म आला आहे. अल क्वोजचे सारे नियम येथे लागू आहेत, आणि काही खास आपलेही आहेत.

१. डबी घेताना खोक्यावरच्या किलोंवर जाऊ नका. आपला कुत्रा, आपली मांजर कोठे चढते, कोठे झोपते, रात्री कोणत्या वाटेने फिरते ते चार दिवस पाहा. मगच जागा ठरवा. जिना, सोफा, कपाट, पलंग यांच्याकडे डबीचे तोंड नको.

२. पाल! आपल्या भिंतींवर पाली असतातच. पाल किंवा कोळी भिंगावरच चालला तर यंत्राला तो हत्तीएवढा वाटतो. महिन्यातून एकदा कोरड्या मऊ फडक्याने डबी पुसावी आणि मागची फट बंद करून घ्यावी.

३. जानेवारी-फेब्रुवारीत किनाऱ्याकडच्या बंद घरातली दुपार अल क्वोजइतकी नसली तरी पुष्कळ तापते. पत्र्याच्या किंवा सपाट सिमेंटच्या छताखाली दुपारी दोन वाजता स्वतः चालून चाचणी घ्या. रात्री घेतलेली चाचणी दुपारचे सत्य सांगत नाही.

४. वादळात वीज जाते. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळ आले तेव्हाचा अनुभव ताजा आहे. अलार्मच्या पेटीतली बॅटरी जुनी झाली की वीज जाताच ती मान टाकते, किंवा वीज येताच पेटी ओरडू लागते. बॅटरी ठराविक काळाने बदलावी. वाऱ्याने हलणारे पडदे डबीपासून दूर ठेवावेत.

५. वर्षअखेरीला फटाके लागतात तेव्हा घाबरलेले कुत्रे घरभर सैरावैरा पळते, टेबलावरही चढते. त्या रात्री त्याला एका खोलीत सोबतीने ठेवा आणि आतल्या डब्या बंद करून दारांचे जोड तेवढे चालू ठेवा.

६. गणेश चतुर्थीचे विसर्जन हा आपला मोठा दिवस. सारे घर मूर्तीबरोबर समुद्रावर जाते आणि घरी कुत्रा एकटा उरतो. तो दिवस चोरालाही ठाऊक असतो. त्या दिवशी कुत्र्याला पाणी ठेवून सावलीच्या खोलीत ठेवावे, दारे-खिडक्यांचे जोड चालू करावेत, आणि एखाद्या शेजाऱ्याला सांगून जावे. पूर्वी शेजारी हाच आपला अलार्म होता. तो अजूनही काढून टाकण्यासारखा झालेला नाही.

७. यंत्र बसवणारा माणूस घरातून निघण्यापूर्वी त्याला प्रत्येक कळ कशासाठी आहे ते विचारा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून व मुलांकडून ती एकदा दाबवून घ्या. विचारण्यात कमीपणा नाही. शिक्षक असल्यामुळे आम्ही एवढे खात्रीने सांगू शकतो.

आम्ही परत निघालो त्या पहाटे घरात सारे निजलेले होते. सामान घेऊन आम्ही पावले न वाजवता जिन्याशी आलो. नातीच्या दाराशी राजा आडवा पसरला होता. त्याने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिले, शेपटी दोनदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा डोळा मिटला. खाली भाचा गाडीची किल्ली घेऊन उभा होता. घाईघाईत त्याने अलार्म बंद न करताच पुढचे दार उघडले.

सायरन वाजला. सारे घर जागे झाले, समोरच्या घरातला दिवा लागला, आणि राजा भुंकत जिना उतरला. या वेळी मात्र कोणी राजाकडे बोट दाखवले नाही.

असो. त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी बहिणीने सांगितले की रात्रीचा सायरन पुन्हा वाजलेला नाही, आणि शेताचे बोलणे कोणी काढत नाही. यंत्राला घर ओळखायला शिकवावे लागते. कुत्र्याला ते शिकवावे लागत नाही. दोघांकडून राखण करून घ्यायची असेल तर एकाला दाराशी बसवावे आणि दुसऱ्याला आपल्या माणसांजवळ.